तुटले तर कुणाचे?

एखादी वस्तू सोडवायला सांगितली म्हणजे ती तोडायचीही परवानगी दिली, असे होते का? प्रश्न वकिली वाटेल. पण तो शिंप्याच्या दुकानात, घड्याळजीच्या टेबलावर, दवाखान्यात आणि गॅरेजात रोज उभा राहतो, आणि बहुतेक वेळा आरडाओरड्यात विरून जातो. मी तो येथे एका अगदी क्षुल्लक वस्तूच्या निमित्ताने मांडणार आहे. ती वस्तू म्हणजे जुन्या जीपच्या गिअरच्या दांड्यावरची काळी मूठ, जिला गॅरेजात सगळे नॉब म्हणतात. जागा पुणतांबा.

पुणतांबे बहुतेकांना रेल्वेमुळे माहीत असते. दौंड-मनमाड मार्गावरचे हे स्टेशन; साईनगर शिर्डीचा फाटा २००९ पासून येथूनच फुटतो. गोदावरीचा काठ आहे, चांगदेवांची समाधी आहे, आणि २०१७ च्या जूनमधल्या शेतकरी संपाची ठिणगी याच गावात पडली. भोवतालचा सगळा पट्टा कालव्याचा आणि उसाचा. १९५० साली प्रवरेकाठी सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम सुरू झाला आणि त्यानंतर या भागात कारखाने, पाटबंधारे, ऊस आणि जीप हे एकमेकांना चिकटूनच वाढले. काळ्या मातीच्या चिखलात दुसरी गाडी चालत नसे. चेअरमन जीपमध्ये, ओव्हरसियर जीपमध्ये, पुढे त्याच जीपा लिलावात निघाल्या की शेतकऱ्याच्या दारात, आणि शेवटी शिर्डी-श्रीरामपूरच्या रस्त्यावर माणसे कोंबून पळायला.

ही जीप महिंद्राची. आपल्या वाचकांना एक गोष्ट आठवण करून द्यायला हरकत नाही, विषय थोडा बाजूला पडला तरी. ही कंपनी १९४५ साली सुरू झाली तेव्हा तिच्या नावात महिंद्र आणि महंमद अशी दोन नावे होती. भागीदार गुलाम महंमद १९४७ मध्ये पाकिस्तानात गेले, तेथे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ साली इकडे कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. आद्याक्षरे मात्र जशीच्या तशी राहिली. नाव काढले, आटे तेच ठेवले, असे एखादा मिस्त्री म्हणेल.

तर मूठ. जीपमध्ये एकाशेजारी एक तीन दांडे असतात: एक गिअरचा, एक पुढची चाके जोडण्याचा, एक हलक्या-भारी गतीचा. प्रत्येकाच्या टोकाला मूठ. गंमत अशी की मूठ काढायची वेळ येते तेव्हा तिच्यात स्वतःत काही बिघाड नसतो. खालचा रबरी बूट फाटलेला असतो, त्यातून चिखल आणि धूर आत येतो, किंवा पायाखालचा पत्रा सडलेला असतो. तो बदलायचा तर दांड्यावरून वर ओढून काढावा लागतो आणि वाटेत मूठ येते. निर्दोष वस्तू केवळ वाटेत आहे म्हणून धोक्यात येते, ही या प्रश्नातली पहिली अडचण.

मूठ आट्यांवर बसवलेली असते. काहींना खालून लॉकनट असते, काहींना बाजूने बारीक स्क्रू, काही नुसत्या ठोकून बसवलेल्या. म्हणून जाणता मिस्त्री आधी बोटाने चाचपतो, बॅटरी लावून खालून बघतो. लॉकनट असेल तर ते सैल न करता मूठ पिळणे म्हणजे स्वतःच दार लावून धक्के मारणे. नट सैल झाले, मूठ उलटी फिरवली आणि निघाली, तर तो पाच मिनिटांचा खेळ. पण तीस-चाळीस वर्षे घाम, पावसाचे पाणी आणि उसाच्या रस्त्याची धूळ आट्यांत उतरलेली असते. लोखंड गंजते तेव्हा ते झिजते एवढेच आपण समजतो. वास्तविक गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. म्हणजे आट्यांतले लोखंड फुगून मुठीला आतून पाचरीसारखे धरून ठेवते. वरून मूठ बेकलाइटची असली की आणखी पंचाईत. बेकलाइट हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे, अगदी पहिल्या पिढीचे प्लास्टिक. एकदा साच्यात घट्ट झाले की पुन्हा मऊ होत नाही. ज्योत लावली तर वितळत नाही, करपते. वाकत नाही, तडकते. आणि तड आत असते, वरून चकाकी तशीच.

मग उपाय एकच, सावकाशीचा. मुठीच्या बुडाशी रॉकेल मिळाले तर रॉकेल, नाहीतर डिझेल किंवा गंज सोडवणारे तेल थेंबथेंब सोडायचे आणि रात्रभर तसेच ठेवायचे. तेल केशनळीसारखे फटीतून स्वतःहून चढते, त्याला जोर लागत नाही, वेळ लागतो. सकाळी कढत पाण्यात पिळलेले फडके मुठीभोवती गुंडाळायचे. मूठ तापून लोखंडापेक्षा जास्त फुगते आणि पकड किंचित सैल होते. दांडा खाली कापड लावून पक्कडीने घट्ट धरायचा, म्हणजे पिळाचा ताण गिअरबॉक्सपर्यंत जात नाही. मुठीला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी करकचून बांधायची आणि दोन्ही हातांनी फिरवायची. आधी अंमळ घट्ट होण्याच्या दिशेने, मग उलटी. हलली नाही तर पुन्हा तेल, पुन्हा रात्र. वर ओढायची नाही; ओढलेली मूठ सुटली तर थेट तोंडावर येते. एवढे सगळे करूनही काही मुठी निघत नाहीत. तेव्हा उरतो पाइपपाना किंवा हॅक्सॉ, आणि त्यापुढे मूठ मूठ राहत नाही.

काही वर्षांपूर्वी असाच एक तंटा मी पाहिला. गाडी एका ऊस-बागायतदाराची, वडिलांनी लिलावात घेतलेली. वडील वारलेले. मिस्त्री आपल्यातले, वय झालेले, सगळे त्यांना चाचा म्हणत. हाताखाली एक पोरगा. बूट बदलायचा होता. सकाळी मालक सांगून गेले, दुपारी आले तेव्हा मुठीचे दोन तुकडे सीटवर पडलेले.

“मी काढायला सांगितली होती चाचा, फोडायला नाही.”

“पाटील, तुम्हीच म्हणाला, कशी पन काढा, संध्याकाळी गाडी पायजे.”

“कशी पण म्हणजे काय अशी?”

“नवी टाकून देतो. शे-दीडशेची वस्तू.”

“ती नवी काय करू? बापाच्या हाताची होती ती.”

चहाच्या टपरीवरचे लोक दोन बाजूंना वाटले गेले. शेवटी कुणीतरी मध्यस्थी केली. मालकाने अर्धी मजुरी दिली, चाचांनी नवी मूठ बसवली, दोघे नाराज होऊन घरी गेले. पाइपपाना पोराने लावला होता, चाचांच्याच सांगण्यावरून. त्या आठवड्याच्या पगारातून त्याचे पैसे कापले गेले, हे मला मागाहून समजले. सगळ्यांना निम्मे-निम्मे वाटणाऱ्या या तडजोडीला लोक इन्साफ म्हणाले. मला ते पटले नाही. निम्मे-निम्मे म्हणजे प्रश्नाचे उत्तर नव्हे, प्रश्न टाळण्याची किंमत आहे.

हा तंटा मुळीच नवा नाही. कूफा शहरात बाराशे-साडेबाराशे वर्षांपूर्वी यावर बारकाईने खल झाला आहे, फक्त तेथे मुठीऐवजी कापड होते आणि मिस्त्रीऐवजी धोबी. धोबी कापड आपटतो, कापड फाटते. नुकसान कुणाचे? इमाम अबू हनीफा स्वतः कापडाचे व्यापारी, आणि त्यांचे शिष्य अबू युसुफ लहानपणी धोब्याकडे कामाला होते असे चरित्रकार सांगतात. तेव्हा ही चर्चा नुसती पुस्तकी नव्हती, आपटण्याचा आवाज त्यांनी ऐकलेला होता. जो कारागीर अनेकांची कामे घेतो त्याला फिक्हच्या भाषेत अजीर-ए-मुश्तरक म्हणतात. त्याच्याकडे ठेवलेली वस्तू त्याचा हात न लागता गेली, चोरीला किंवा आगीत, तर अबू हनीफांच्या मते ती अमानत होती, निष्काळजीपणा नसेल तर भरपाई नाही. अबू युसुफ आणि इमाम मुहंमद या दोघा शिष्यांचे मत कडक. टाळताच येणार नाही अशा आपत्तीखेरीज कारागिराने भरून द्यावे. लोकांचा माल सुरक्षित राहावा म्हणून हजरत अलींनीही कारागिरांवर भरपाई बसवली होती असे सांगतात. पण वस्तू कारागिराच्या स्वतःच्या कामामुळे मोडली तर तिघेही एकमताने म्हणतात, भरपाई त्याची.

एकटे इमाम जुफर वेगळे पडतात. त्यांचे म्हणणे असे की मालकानेच आपटायला सांगितले, परवानगीने केलेल्या कामाचा दंड कसला? आमचे चाचा नकळत जुफरांच्या बाजूचे होते. बाराव्या शतकातल्या हिदाया या ग्रंथात या म्हणण्याला उत्तर दिले आहे, आणि ते मला फार मोलाचे वाटते. परवानगी कामाला असते आणि काम म्हणजे वस्तू सुधारणारे काम. बिघडवणारी कृती दिसायला तीच असली, तोच हात, तेच आपटणे, तरी ती परवानगीच्या आत येतच नाही. हाच हिदाया १७९१ साली इंग्रजीत आला आणि कंपनी सरकारच्या न्यायालयांत वापरला गेला. म्हणजे आपल्या देशातही हा विचार केवळ मदरशात राहिलेला नव्हता.

एवढ्यावर थांबलो असतो तर चाचांना दोषी ठरवून मोकळे झालो असतो. पण त्याच ठिकाणी पुढे एक अपवाद आहे, आणि सगळी गोम तेथे आहे. शिंगी लावून रक्त काढणाऱ्याने नेहमीच्या जागी, नेहमीइतकेच कापले आणि तरी माणूस दगावला तर त्याच्यावर भरपाई नाही. का? कापडाचा जाडेपणा-विरळपणा बघून, चाचपून ओळखता येतो. माणसाच्या अंगात किती सोसण्याची ताकद आहे हे बाहेरून ओळखता येत नाही. जे ओळखता येते त्याची जबाबदारी घ्यावी लागते. जे ओळखता येत नाही त्यात रीत पाळली की पुरे.

आता सांगा, गिअरची मूठ कापडासारखी की शरीरासारखी?

आपला १८७२ चा करार कायदा याकडे दुसऱ्या बाजूने येतो. विश्वासाने सोपवलेल्या वस्तूला तो निक्षेप म्हणतो आणि कलम १५१ मध्ये एकच माप देतो: साधारण शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी घेतली का? घेतली असेल, तर वेगळा करार नसताना, कलम १५२ प्रमाणे तो सुटला. माप सोपे आहे, पण त्यात एक भोक आहे. स्वतःच्या जीपची मूठ असती तर चाचांनी पहिल्या तासाभरातच पाइपपाना लावला असता. स्वतःच्या वस्तूशी माणूस निर्दय असू शकतो, तो त्याचा हक्क असतो. परक्याच्या वस्तूशी वागायला ते माप अपुरे पडते. अमानत हा शब्द त्याहून जास्त मागतो.

माझे मत असे आहे की मूठ सकाळी कापड असते आणि पुढे केव्हातरी शरीर होते. लॉकनट आहे का, मूठ कशाची, बुडाशी केसाएवढी तड दिसते का, हे सगळे पाहून कळते. तेथे मिस्त्री चुकला तर भरपाई त्याची, “कशी पण काढा” हे शब्द त्याला वाचवू शकत नाहीत. पण तेल झाले, ऊब झाली, ट्यूबची पट्टी झाली आणि मूठ हललीच नाही, की हाताला काही कळेनासे होते. पुढच्या पिळाला आटे सुटतील की बेकलाइट फुटेल हे कुणालाच सांगता येत नाही. त्या क्षणी काम बदललेले असते, जरी हात तोच आणि मूठ तीच. सकाळची परवानगी सकाळच्या कामाची होती. नव्या कामाला नवी परवानगी हवी. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका शस्त्रक्रियेच्या खटल्यात हेच सांगितले: तपासणीसाठी दिलेली संमती म्हणजे अवयव काढण्याची संमती नव्हे, मग डॉक्टरचा हेतू कितीही चांगला असो. जिवावर बेतले असेल तर गोष्ट वेगळी. गिअरच्या मुठीने कुणाच्या जिवावर बेतत नाही. एक फोन पुरतो. “पाटील, आता पुढे फुटू शकते. फोडू की ठेवू?” एवढे विचारले की नुकसानीचा मालक बदलतो. हो म्हणणारा स्वतःच्या डोळ्यांनी ते ओढवून घेतो.

मालकालाही येथे सुटका नाही. “कशी पण काढा” हे वाक्य उदार वाटते, पण ते आळशी आहे. सांगणाऱ्याला मूठ मोलाची होती तर ती मोलाची आहे हे सकाळीच सांगणे त्याचे काम होते. आपल्या मनातली किंमत दुसऱ्याने ओळखावी आणि न ओळखल्यास त्याचा दंड भरावा, ही अपेक्षा रास्त नाही.

किंमतीचाही एक पेच आहेच. जुन्या शास्त्रात वस्तूंचे दोन वर्ग करतात. बाजारात हुबेहूब मिळते ती मिस्ली, जशी गहू-ज्वारी. ती बुडवली तर तशीच दुसरी द्यावी. जिला जोड नाही ती कीमी, तिचे मोल द्यावे. चाचांच्या लेखी मूठ मिस्ली होती, दुकानात पोत्याने मिळते. मालकाच्या लेखी कीमी होती, कारण एका तळहाताने ती वर्षानुवर्षे घासून एका बाजूला किंचित सपाट केली होती. आणि अलीकडे सरकारनेही या पेचात भर घातली आहे. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, तिच्या क्रमांकात व्हीए ही अक्षरे येतात. म्हणजे जुनेपण, मूळपण यांना आता कागदावर स्थान आहे, आणि गंजक्या जीपकडे लोक वेगळ्या नजरेने पाहू लागले आहेत. तरीही बापाच्या हाताची झीज कोणत्या दराने भरून द्यायची हे त्या नियमांत नाही. माझ्या मते ती भरून देता येत नाही, आणि म्हणूनच तिच्या नावाने मजुरी अडवणेही बरोबर नाही. जे पैशाने फिटत नाही त्याचे पैसे मागू नयेत. तेथे माफी मागावी आणि ती द्यावी. पैसे फक्त बाजारातल्या मुठीचे.

यावर एका मिस्त्रीने मला फार रोखठोक उत्तर दिले होते. म्हणाला, तुमचा सब्र ठीक आहे, पण रात्रभर गाडी माझ्या जागेत उभी राहते त्याचे भाडे कोण देतो? जागा दोन गाड्यांची. एक मुठीसाठी अडून बसली तर दुसरे गिऱ्हाईक पुढच्या गॅरेजात जाते. मूठ काढल्याची मजुरी किती, तर शून्य. बूट बदलल्याची मजुरी मिळते, मूठ काढणे त्यातच धरतात. त्याचे म्हणणे मला खोडता आले नाही. हळुवारपणाची थोरवी आपण वाजातही ऐकतो, पण तो ज्याच्या खिशातून जातो तो बहुधा गरीब असतो. घाई मालकाची, जागा मिस्त्रीची, आणि धीर धरायचा कुणी? संध्याकाळी गाडी हवी म्हणणाऱ्याने खरे तर सकाळीच पाइपपान्याला हात घातलेला असतो. मग तो दोन दिवसांचे भाडे देणार असेल तर गोष्ट निराळी. बिलात “तेलात ठेवण्याचे दोन दिवस” अशी ओळ मी अजून पाहिलेली नाही.

आणि तो पोरगा. गावोगावच्या गॅरेजांत अशी पोरे आहेत, त्यांत आपल्या घरांतली बरीच. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणे हा गुन्हा आहे, २०१६ च्या दुरुस्तीनंतर तर कोणत्याही धंद्यात. पण पंधरा-सोळाच्या शागीर्दाला पगार कमी आणि शिव्या जास्त हे चालूच आहे. त्याच्या बाबतीत जुने शास्त्र अगदी स्पष्ट आहे. जो एकाच मालकाकडे बांधलेला आहे तो अजीर-ए-खास. सांगितलेले काम करताना त्याच्या हातून मोडले, त्याने मुद्दाम मोडले नसेल, तर भरपाई त्याच्यावर नाही. शागीर्दाच्या हातचे नुकसान उस्तादाचे. कारण पान्यामागचा हात शागीर्दाचा असला तरी निर्णय उस्तादाचा असतो, आणि गिऱ्हाईकही उस्तादाच्या नावावर येते. चाचांनी पोराला पाइपपाना लाव म्हटले तेव्हाच तो पिळ चाचांचा झाला होता. मालकाला उत्तर देताना त्यांनी ते नाकारले नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. पण शनिवारी पगार देताना हिशेब वेगळा झाला, आणि त्या वेळी टपरीवरचे पंच कुणी तेथे नव्हते.